फौजदारीण आणि पिवळे डबे

डेपोच्या कॅन्टीनमधली स्वयंपाकीण बावीस वर्षं एकाच शेगडीपाशी उभी होती. ड्रायव्हर तिला तोंडावर 'वहिनी' म्हणायचे आणि पाठ वळली की 'फौजदारीण'. दोन्ही नावं तिला माहीत होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच तिला जास्त आवडायचं. रांग मोडणाऱ्याला ती वाढत नसे, मग तो कुणी का असेना. एकदा डेपोचे मॅनेजरसाहेब पुढूनच ताट उचलायला गेले, तेव्हा तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, रांगेचं शेपूट तिकडे आहे." साहेब मुकाट्याने शेपटाकडे गेले. डेपोत ही गोष्ट अजून रंगवून सांगतात.

'वहिनी' यासाठी की तिचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर होता. चार वर्षांपूर्वी, सकाळच्या फेरीत, तो गेला. वय एकोणपन्नास. छातीत कळ आली तेव्हा त्याने गाडी स्टॉपला नीट लावली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही. लोक हे अभिमानाने सांगायचे आणि ती ऐकून घ्यायची. तिला मात्र त्या दिवसातलं वेगळंच आठवायचं. घरून निघताना तो छाती चोळत म्हणाला होता, "काही नाही गं, पित्त आहे." तिने त्याला कपभर थंड दूध दिलं आणि पाण्याची बाटली हातात ठेवली. बस, एवढंच.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा शेगडीपाशी उभी राहिली. लेकीचं शिक्षण चालू होतं, आणि घरी बसून भिंतीकडे बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

चार वर्षांनी डेपोत एक डॉक्टर आली. वैद्यकीय महाविद्यालयातली, तिशीतली, पाठीवर सॅक आणि बोलणं भरभर. ड्रायव्हर लोकांना हृदयविकार जास्त होतो, तर कुणाला धोका आहे हे आधीच ओळखता येईल का, असा तिचा अभ्यास होता. विश्रांतीच्या खोलीतलं पत्ते खेळायचं टेबल तिने पुसून घेतलं आणि छप्पन ड्रायव्हरांना एकेक फॉर्म दिला. गेल्या महिन्यात काय खाल्लं, किती वेळा खाल्लं, सगळं लिहायचं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी यायचं आणि रक्त द्यायचं.

"फॉर्म भरला ना? मग रक्त कशाला?" असं ओरडून विचारणारा 'हॉर्न'. डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर, तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काका, फॉर्मवर माणूस जे खायला हवं ते लिहितो," डॉक्टर म्हणाली. "रक्तात मात्र जे खाल्लं तेच सापडतं. गाजर, पालेभाज्या खाल्ल्या तर त्यांचा रंग रक्तात उतरतो. मासे खाल्ले तर माशांचं तेल दिसतं. अशा खुणा तपासल्या की पुढे कुणाच्या हृदयाला त्रास होण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज बांधता येतो."

दोन महिन्यांनी निकाल आले. डॉक्टरने एकेकाला आत बोलावून गुपचूप सांगितलं. हॉर्नच्या बाबतीत गुपचूप काही शक्यच नव्हतं. त्याने फॉर्मवर दिवसाला दोन सफरचंदं आणि दोन वेळा पालेभाजी लिहिली होती. रक्तात भाजीच्या रंगाचा मागमूस नव्हता. बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ती म्हणते भाजी रक्तापर्यंत पोचलीच नाही. आता मधल्या एखाद्या स्टॉपवर उतरली असेल तर माझा काय दोष?" खोलीत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. काउंटरमागे फौजदारीणही हसली.

ते हसू दोनच दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅन्टीनच्या काचेच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. 'स्वयंपाकातील निष्काळजीपणामुळे चालकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाल्याचे आढळून आले आहे. संबंधित कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई केली जाईल.' खाली मॅनेजरसाहेबांची सही. स्वयंपाक करणारी ती एकटी. बाकी दोघी बायका भाज्या चिरायच्या आणि भांडी घासायच्या. 'संबंधित कर्मचारी' कोण, हे कळायला कुणाला डोकं खाजवायची गरज नव्हती.

झालं होतं असं की डॉक्टरने साहेबांना आपला अहवाल दिला होता. छप्पनपैकी अडतीस जण रोज कॅन्टीनमध्ये खायचे. त्या अडतीसांच्या रक्तात एक वाईट खूण फार वर गेलेली होती. ट्रान्स फॅटची. घरून डबा आणणाऱ्यांच्या रक्तात ती जेमतेम होती. 'कॅन्टीनमध्ये ही चरबी कशातून येते ते शोधावे,' असं डॉक्टरने लिहिलं होतं. साहेबांनी त्यातला 'कॅन्टीन' हा शब्द वाचला आणि पुढे वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

त्या दिवशी रांग निम्मी झाली. आले ते तिच्या नजरेला नजर देईनात. एकाने चाचरत विचारलं, "वहिनी, तेच तेच तेल परत वापरता काय हो?" बावीस वर्षांत जळकं तेल तिने कुणाच्या ताटात जाऊ दिलं नव्हतं.  मग एक तरणा ड्रायव्हर ताट सरकवताना पुटपुटला, "स्वतःच्या नवऱ्यालाही हेच खाऊ घातलं असेल."

तिने डाव खाली ठेवला. शेगडी बंद केली. ॲप्रन न काढता ती तडक विश्रांतीच्या खोलीत गेली. डॉक्टर सुया-बाटल्या आवरत होती. फौजदारीण तिच्यासमोर बसली, बाही वर सारली आणि हात टेबलावर आडवा टाकला.

"घ्या."

"काय घेऊ मावशी?"

"रक्त घ्या. मी तिन्ही वेळा इथलंच खाते. सुटीच्या दिवशीसुद्धा आदल्या दिवशीचं घरी नेऊन खाते. लोकांना मी विष घालत असेन, तर ते सगळ्यात जास्त माझ्याच अंगात असायला हवं. बघू या तरी."

डॉक्टरने सुई काढली.

दहा दिवसांनी डॉक्टर कागद घेऊन कॅन्टीनच्या मागच्या दाराने आली. छप्पन ड्रायव्हरांत सर्वांत वरचा आकडा ज्याचा होता, त्याच्याही वर फौजदारणीचा आकडा होता.

"म्हणजे सगळ्यात आधी मी माझ्याच जिवावर उठलेय," ती म्हणाली. "आता सांगा, हे येतं कुठून?"

"ही चरबी आपलं शरीर बनवत नाही. तोंडावाटेच आत जाते. कारखान्यात तेल घट्ट केलं की त्यात ती तयार होते. तुमच्याकडे घट्ट असं काय काय आहे?"

दोघींनी मिळून कपाटं उघडली. तेलाचे डबे सीलबंद होते, त्यांच्यावर सगळं नीट छापलेलं होतं. पीठ, मीठ, मसाले, कडधान्यं. मग खालच्या फळीवरचे पिवळे डबे निघाले. सकाळच्या टोस्टवर फासायला, भाजी परतायला, भातावर घालायला, सगळ्याला तेच. ड्रायव्हर त्याला नुसतं 'पिवळं' म्हणायचे. डब्यावर 'टोस्ट व स्वयंपाकासाठी' एवढंच लिहिलेलं होतं. आत काय आहे, कशापासून बनवलंय, याचा एक शब्द नव्हता.

डॉक्टर डबा उलटासुलटा करून बघत होती. फौजदारीण मात्र फळीशेजारच्या स्टुलावर खाली बसली. तिला बसलेलं त्या खोलीत कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"हे लोणी नाही, हे मला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी लोणी यायचं बंद झालं आणि हे सुरू झालं. पहिल्याच दिवशी बोटावर घेतलं तर वितळेना. टाळूला मेणासारखं चिकटलं. शेगडीशेजारी ठेवलं तरी दगडासारखं घट्ट. स्टोअरवाल्याला विचारलं, तो म्हणाला वरून आलंय. वर विचारलं, साहेब म्हणाले बाई, तुम्ही तुमचा स्वयंपाक करा. लेक शाळेत होती तेव्हा. मी माझा स्वयंपाक केला."

"पण ते धोक्याचं आहे हे तुम्हाला कसं कळणार होतं?"

"धोक्याचं नसेल माहीत. खोटं आहे हे माहीत होतं. एवढं पुरे होतं तोंड उघडायला." ती उठली, कपाटातून स्वच्छ बाटली काढली, तिच्यात चमचाभर पिवळं भरलं आणि डॉक्टरच्या हातात दिलं. "हे तपासा. आणि जे निघेल ते लिहून द्या, बोलून नको."

तपासणीत निघालं की त्या डब्यातला जवळपास तिसरा हिस्सा तीच घट्ट केलेली चरबी होती.

कागद घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी तो वाचला, टेबलावर पालथा ठेवला आणि आवाज मऊ केला. "बाई, उगाच गाजावाजा नको. डबे मुख्य स्टोअरमधून येतात, त्यात बरीच मोठी माणसं आहेत. तुम्ही तब्येतीचं कारण देऊन राजीनामा द्या. मी छान शिफारसपत्र देतो."

"तब्येत कशाने बिघडली, ते लिहाल त्यात?"

साहेबांनी फाइल पुढे ओढली.

"मग ऐका," ती म्हणाली. "ही खूण रक्तातल्या लाल पेशींत असते आणि त्या चार महिन्यांत बदलतात, डॉक्टर म्हणाली. मला चार महिने द्या. पिवळ्याचा एक चमचाही माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. चार महिन्यांनी सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासू द्या. खूण खाली आली नाही, तर हा ॲप्रन मी स्वतः तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. आली, तर तो कागद तुम्ही तुमच्या हाताने काढायचा आणि तिथे खरं काय ते लिहायचं."

"असं काही ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही."

"नसेल. पण उद्या सकाळी अडतीस माणसं नाश्त्याला येणार आहेत. मी नसेन तर तुम्ही कराल का टोस्ट?"

साहेब ना हो म्हणाले ना नाही. तिने ते हो समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पिवळे डबे मागच्या कोठडीत कुलपात गेले. रांगेतल्या लोकांना टोस्टवर तेलाचा हलका हात आणि शेजारी भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट मिळाला. कुरकुर सुरू झाली. फौजदारीण खुर्चीवर चढली.

"सगळ्यांनी ऐका. सात वर्षं मी तुम्हाला काय वाढलं, ते मला आता कळलंय. मध्यंतरी कुणीतरी म्हणालं की मी माझ्या माणसालाही तेच वाढलं. खरं आहे. तोही इथेच जेवायचा. वाढलं. त्याची बोच माझी मला आहे, तुम्ही त्यात तेल ओतू नका. पण यापुढे या शेगडीवर काय शिजेल ते मी ठरवणार. ज्याला पिवळं हवं असेल त्याने दुसरं हॉटेल बघावं."

तो तरणा ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. मागून हॉर्न ओरडला, "वहिनी, टोस्ट पुठ्ठ्यासारखा लागतोय!"

"चावा मग, भाऊजी. दात शाबूत आहेत ना अजून?"

चार महिने सोपे गेले नाहीत. कुणी मीठ कमी म्हणायचं, कुणी चव गेली म्हणायचं. ती रोज काहीतरी नवीन करून बघायची, लसूण जास्त भाजायची, भाजीत तीळ घालायची, फसलं तर फसलं म्हणायची. एकदा भाजी आणायला बाहेर पडली तर डेपोच्या कोपऱ्यावरच्या टपरीत हॉर्न सापडला, हातात वनस्पती तुपातला, पापुद्र्यांचा पफ, मिशांना चुरा लागलेला. तिने तो पफ काढून घेतला आणि समोरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. "भाऊजी, चार महिने तुमचं रक्त माझ्या नावावर आहे. नंतर काय ते खा."

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी हॉर्न काउंटरशी आला तो काही न ओरडता. तेवढ्यानेच तिने मान वर केली. त्याच्या कपाळावर घाम होता आणि डावा हात तो पुन्हा पुन्हा झटकत होता. गाडी सुटायला सहा मिनिटं होती.

"काय होतंय?"

"काही नाही. पित्त आहे."

तो शब्द ऐकला आणि तिने हातातला डाव खाली ठेवला. छप्पन जणांत सर्वांत वरचा आकडा हॉर्नचाच होता. हे त्यानेच डेपोभर ओरडून सांगितलं होतं. ती काउंटरच्या बाहेर आली आणि तिने त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली.

"वहिनी, प्रवासी खोळंबतील!"

"खोळंबू देत. ते घरी जाऊन जेवतील. तुम्ही खाली बसा."

साहेब धावत आले. "बाई, फेरी रद्द झाली तर जबाबदारी कुणाची?"

"माझी. लिहून घ्या. आणि आधी रुग्णवाहिका बोलवा, नंतर लिहा."

हॉर्नला अर्ध्या तासात दवाखान्यात नेलं. हृदयाकडे जाणारी एक नळी जवळपास बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली. अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. संध्याकाळी ती भेटायला गेली तेव्हा तो पलंगावर पडून आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलत होता.

"तुझ्या नवऱ्याने गाडी लावली," तो म्हणाला, "माझी तू लावलीस." एवढ्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

डेपोत साहेबांनी लगेच सूर लावला की हा बघा त्या प्रयोगाचा परिणाम. डॉक्टर स्वतः येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "नळी तीन महिन्यांत बंद होत नाही, वर्षं लागतात. काकांचा धोका आम्ही आधीच लिहून ठेवला होता. तो कुणीतरी मनावर घेतला, म्हणून ते वाचले."

चार महिने भरले. अडतीसपैकी सदतीस जणांनी पुन्हा रक्त दिलं, अडतिसाव्याने, म्हणजे हॉर्नने, आजारपणाच्या रजेवरून आल्यावर दिलं. खूण सगळ्यांची उतरली होती, बहुतेकांची निम्म्याहून खाली. फौजदारणीचीही. हॉर्नची सगळ्यात कमी उतरली. पफ एकच नव्हता, हे त्याने मान्य केलं.

साहेबांनी जुना कागद काढून नवा लावला. 'झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी.' तिने तो वाचला आणि तोच कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली. "गैरसमज कुणाचा झाला, साहेब? मला तर काहीच गैर समजलेलं नव्हतं." तिसऱ्या खेपेला साहेबांनी लिहिलं, 'मुख्य स्टोअरकडून आलेल्या पदार्थात हानिकारक चरबी आढळली. स्वयंपाक कर्मचाऱ्याची कोणतीही चूक नाही.' तेव्हा कुठे तिने स्वतः चिकटपट्टी आणून दिली.

डॉक्टर निघायच्या दिवशी तिने एवढे महिने पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. दोघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या.

"माझा माणूस त्या पिवळ्याने गेला का?"

 "मावशी, खुणांवरून धोका कळतो. शंभर जणांत किती जणांना त्रास होईल ते सांगता येतं. एका माणसाचं मरण कशाने आलं, ते नाही सांगता येत. त्यांचं रक्त तर कुणी घेतलंच नव्हतं. वय, बैठं काम, सिगरेट, काहीही असेल. तेही असेल."

"म्हणजे मला कधीच कळणार नाही."

"नाही."

 तिने ॲप्रनला डोळे पुसले, तेही रागाने पुसावेत तसे. मग उठून आत गेली, कारण भात लागायची वेळ झाली होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तिने पाहिलं की कोठडीतले पिवळे डबे गाडीत चढवले जात आहेत. "फेकायला?" तिने विचारलं. स्टोअरवाला म्हणाला, "फेकायला कशाला? नदीपलीकडच्या डेपोला जातायत. तिथे कुणाची तक्रार नाही."

सुटीच्या दिवशी ती दोन बस बदलून नदीपलीकडच्या डेपोत गेली. पर्समध्ये दोन्ही वेळचे निकाल आणि डब्याचा तपासणी अहवाल. तिथली स्वयंपाकीण तिच्याहून बरीच लहान होती, कमरेला पदर खोचलेला, चेहऱ्यावर थकवा. तिने सगळं ऐकलं, कागद पाहिले आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, पटतंय मला. पण बोलले आणि नोकरी गेली तर?"

फौजदारीण खोटं बोलू शकली असती. "जाऊ शकते," ती म्हणाली. "माझी थोडक्यात वाचली. आणि मी आधी सात वर्षं गप्प बसले होते, हेही तुला सांगते. त्या सात वर्षांत काय गेलं, याचा आकडा कुणाकडे नाही."

 त्या बाईने गॅस बारीक केला, ओले हात पुसले आणि विचारलं, "तुमच्या त्या डॉक्टरीणबाई रक्त घ्यायला इकडे येतील का?"

"मी आणते त्यांना," फौजदारीण म्हणाली. "आधी तुझं घेऊ देत, मग तुझ्या साहेबांचं."